किनाऱ्यावरच्या घराचा स्लॅब: शिमग्यापासून मिरगापर्यंत काय, कधी आणि कुठल्या क्रमाने

एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात. "भाऊ, मेमध्ये दहा दिवस येतोय, तेवढ्यात स्लॅब उरकून टाकू." आणि दुसरे फोन वर्षभर येतात, "घर बांधून दहा वर्षं पण नाही झाली आणि गॅलरीच्या खालून सळ्या दिसायला लागल्या, ठेकेदाराने डुप्लिकेट सळई घातली का हो?" तर बहुतेक वेळा सळई चांगलीच असते. चुकलेलं असतं ते सळईच्या बाहेरचं दोन-चार सेंटिमीटर काँक्रीट, त्यालाच कव्हर म्हणतात.

गुहागरकडच्या एका घराची अशी गॅलरी मी हातोडीने उकरून बघितली होती. सळईखाली कव्हर म्हणून फरशीचा तुकडा सरकवलेला, जेमतेम बोटाच्या पेराएवढा पण नाही. १० मिमीची सळई, स्क्रू ड्रायव्हर लावला तर पापुद्रे सुटत गेले आणि आत राहिली पेन्सिलीच्या शिसासारखी काडी. तिथून दोन फुटांवर तीच सळई बांधताना चुकून वर उचलली गेली होती, तिथे मात्र काळीनिळी, जशी आणली तशी. सळई एकच आणि वारं पण तेच, फरक फक्त कव्हरचा.

खालचं सगळं समुद्रापासून वारं लागेल अशा अंतरावर आरसीसी घर बांधणाऱ्यांसाठी आहे. डिझाइन कसं करायचं ते इथे नाही, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम. त्याने दिलेलं ड्रॉइंग साइटवर बिघडू कसं द्यायचं नाही, एवढंच.

## टप्पा १: ड्रॉइंग (शिमग्याच्या आधी)

ड्रॉइंग पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या इंजिनिअरकडून करून घेतलं असेल तर त्याला पहिलं सांगायचं की घर समुद्रापासून किती लांब, मध्ये डोंगर किंवा दाट झाडी आहे की समोर थेट पाणी. कारण आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात (२००० ची आवृत्ती) हवामानाप्रमाणे वर्ग पाडलेत आणि सगळं त्यावर ठरतं. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेलं काँक्रीट "मध्यम" वर्गात येतं, त्याला कमीत कमी एम२५ (हा काँक्रीटचा ग्रेड, आकडा जितका मोठा तितकी ताकद जास्त) आणि कव्हर ३० मिमी. किनाऱ्याच्या हवेत उघडं असलेलं काँक्रीट, म्हणजे आपल्या गॅलऱ्या, छज्जे, बाहेरचे कॉलम, हे "तीव्र" वर्गात, तिथे एम३०, कव्हर ४५ मिमी, सिमेंट घनमीटरला निदान ३२० किलो आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नाही. लाटांचे तुषारच अंगावर येत असतील तर त्याच्यापुढचा वर्ग, एम३५ आणि ५० मिमी. कुठला भाग कुठल्या वर्गात ते इंजिनिअर ठरवेल, पण ड्रॉइंगवर ते लिहिलेलं पाहिजे. आणि हो, प्लास्टर कव्हरमध्ये धरत नाहीत.

आता इथे एक चूक होते जी हुशार माणसं करतात. कुठेतरी ४५ मिमी वाचतात, ड्रॉइंगवर २० असतं, मग साइटवर परस्पर सळईखाली ४५ चे ब्लॉक लावून मोकळे. स्लॅब समजा १२५ मिमीचा आहे आणि सळई १० ची. २० कव्हर धरलं तर स्लॅबच्या वरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत १०० मिमी मिळतात, ४५ केलं की राहतात ७५. स्लॅबची ताकद साधारण त्याच अंतराच्या प्रमाणात असते, म्हणजे कव्हर वाढवायला गेलात आणि पाव ताकद घालवून बसलात. कव्हर वाढवायचं तर जाडी पण वाढवायला लागते, १५० मिमी केला की परत १०० मिळतात. हे इंजिनिअरकडूनच बदलून आणायचं.

थांबा: ड्रॉइंगवर काँक्रीटचा ग्रेड, कव्हर (स्लॅब, बीम, कॉलमचं वेगवेगळं), स्लॅबची जाडी आणि लॅपची (दोन सळ्या जोडताना एकमेकींवर चढवायची) लांबी, या चारपैकी एक जरी लिहिलेलं नसेल तर पुढे जाऊ नका. "शेजाऱ्यांच्या घरासारखं घालू" हे ड्रॉइंग नाही.

## टप्पा २: पाणी, वाळू, सळई (काम सुरू करायच्या महिनाभर आधी)

पाणी. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरी मार्चनंतर मचूळ होतात हे आपल्याला चहा प्यायला की कळतं, पण काँक्रीटच्या वेळी कोणी मनावर घेत नाही. आरसीसीसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे आणि पीएच ६ च्या खाली नको. टीडीएसचं पेनासारखं मीटर क्लोराइड सांगत नाही, लॅबमध्येच द्यायला लागतं. आणि बाटली भरायची ती काम जवळ आल्यावर. डिसेंबरात तुडुंब भरलेल्या विहिरीचा रिपोर्ट गोड आला म्हणून मेमध्ये तळाशी गेलेलं तेच पाणी गोड असेल असं नाही. रिपोर्ट वाईट आला तर टँकर सांगायचा, त्याचा खर्च आत्ताच धरा. टँकर पण कुठल्या विहिरीवर भरतो ते विचारा.

वाळू. खाडीची वाळू नको. "धुतलेली आहे" म्हणणारे भेटतील, पण ती कशाने आणि किती धुतली ते तुम्ही बघितलेलं नसतं, आणि धुवायला वापरलेलं पाणी मचूळ असेल तर आनंदच. खाणीतली चांगल्या दर्जाची क्रश सँड घ्या. क्रश सँड आणि दगडाची भुकटी यातला फरक मात्र बघा, मूठ भरून पाण्यात ढवळली आणि बराच वेळ दुधासारखं पांढरं गढूळ राहिलं तर ती भुकटी आहे, तिला पाणी जास्त लागतं आणि सगळा हिशोब तिथेच बिघडतो.

सिमेंट. पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) सिमेंट खाऱ्या हवेत चांगलंच, फक्त ते सावकाश घट्ट होतं, त्याचं पुढे टप्पा ६ आणि ७ मध्ये येईल. गोणीवरचा आठवडा वाचून घ्या. जोत्यावर फळ्या टाकून, भिंतीपासून लांब ठेवा, दमट हवेत गोणी खालून दगड होतात.

सळई. चाकरमानी शिमग्याला आले की "भाव वाढायच्या आधी" सळई आणून अंगणात टाकून जातात, मग ती दोन-अडीच महिने खारं वारं खात मातीत पडलेली असते. आणायचीच असेल तर चिऱ्यांवर किंवा ओंडक्यांवर उंच ठेवून ताडपत्री. वरवरचा तांबूस थर आला तर घाबरायचं कारण नाही, पण हाताने पुसल्यावर पूड निघत असेल तर तारेच्या ब्रशने घासून काढायलाच लागेल. वजन करून बघा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरचं वजन, १२ मिमीची १२ मीटर सळई साधारण १०.६६ किलो भरली पाहिजे.

सळईला सिमेंटचं पाणी फासू नका. गंजू नये म्हणून ब्रशने स्लरी मारतात आणि ती वाळून पांढरी फक्क पडते. त्या वाळलेल्या सालीमुळे काँक्रीट सळईला नीट धरत नाही, नियमात पण सळईवर रंग, तेल, माती किंवा पकड कमी करणारं काही नको असंच म्हटलंय.

कव्हर ब्लॉक. हे आत्ताच बनवायचे, स्लॅबच्या आदल्या दिवशी नाही. स्लॅबच्याच ग्रेडच्या मालाचे, ड्रॉइंगवर असेल त्या जाडीचे, मध्ये बांधायची तार खोचून, आणि आठवडाभर तरी पाण्यात बुडवून. तयार मिळतात ते पण चालतात, मापाचे असले की झालं. खडी, फरशीचा तुकडा, सळईचा तुकडा नको.

## टप्पा ३: सेंट्रिंग

सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला धरून ठेवणाऱ्या फळ्या आणि टेकू. हे ठेकेदाराला येतं, त्यामुळे थोडक्यात. टेकूच्या खाली जाड फळीचा तुकडा हवाच, कारण भर घातलेल्या लाल मातीवर वळवाची एक सर पडली की टेकू खचतो. फळ्यांच्या फटी बुजवा, नाहीतर सिमेंटचं पाणी गळून खाली नुसती खडी राहते आणि त्या जागी कव्हर असून नसल्यासारखं. तेल मारायचं ते सळई टाकायच्या आधी! सळई बांधून झाल्यावर आठवण झाली म्हणून वरून फवारलेलं तेल मी बघितलंय.

## टप्पा ४: सळई बांधणं

इथे वेळ घालवा, सगळ्यात जास्त इथेच.

क्रम असा. आधी बीमच्या सळ्या आणि त्यांच्याभोवतीच्या रिंगा, बीमच्या खाली आणि बाजूला दोन्हीकडे कव्हर ब्लॉक (बाजूचे कायम विसरतात, मग रिंग फळीला चिकटते आणि पाच वर्षांनी बीमच्या कडेला उभ्या तांबड्या रेघा दिसतात). मग स्लॅबच्या खालच्या मुख्य सळ्या, वर आडव्या, साधारण मीटरभर अंतराने ब्लॉक. सळई ८ ची असेल तर अजून जवळ, ती पाय पडला की वाकते. मग इलेक्ट्रिकचे पाइप, दोन थरांच्या मध्ये, खालच्या सळईच्या खाली अजिबात नाही. शेवटी बीम-भिंतींच्या आधारावर येणाऱ्या वरच्या सळ्या आणि त्यांच्याखाली खुर्च्या (वरची सळई उचलून धरायला वाकवलेल्या सळईचे स्टँड). कव्हर रिंगेच्या बाहेरून मोजायचं, आतल्या मुख्य सळईपासून नाही.

गॅलरी आणि छज्जा यांचं वेगळं सांगतो. बाहेर लटकणाऱ्या भागात मुख्य सळई वर असते. खुर्च्या कमी पडल्या आणि घमेली घेऊन माणसं त्यावरून नाचली की ती खाली जाऊन बसते, काँक्रीट ओतल्यावर कोणाला दिसत पण नाही, आणि मग ज्या दिवशी टेकू काढतात त्या दिवशी दिसतं. तिथे खुर्च्या दुप्पट करा आणि वरून चालायला फळ्या टाका.

लॅप ड्रॉइंगप्रमाणे. अंदाज हवा असेल तर एम३० काँक्रीट आणि एफई ५०० ग्रेडच्या सळईला व्यासाच्या ४५-४६ पट, म्हणजे १० मिमीला साधारण दीड फूट, आणि सगळे लॅप एका ओळीत नकोत. रिंगेचे हूक ९० अंशात नाही, १३५ अंशात आत वळवलेले हवेत, शेपूट व्यासाच्या ६ पट आणि निदान ६५ मिमी. फिटर कुरकुर करतात, करू देत. १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून काही लांब नव्हता.

बांधायच्या तारेची टोकं आत दुमडा. टोक खाली फळीला टेकलं की गंजायला तिथूनच सुरुवात.

तपासा: स्लॅबवर दहा ठिकाणी आणि प्रत्येक बीमला दोन ठिकाणी पट्टी लावून कव्हर मोजा, फोटोत पट्टीचा आकडा दिसला पाहिजे. कव्हर ठरल्यापेक्षा १० मिमी जास्त चालतं, कमी एक मिमी पण नाही. मुंबईहून व्हिडिओ कॉलवर बघणाऱ्यांनी "सगळं ओके आहे ना?" विचारू नये, ओकेच म्हणतात. "त्या कोपऱ्यात पट्टी लावून दाखव" म्हणा.

इंजिनिअरने बघून होय म्हटल्याशिवाय मिक्सर बोलवू नका.

## टप्पा ५: स्लॅबचा दिवस

माल. "एकास दीड, तीन" (सिमेंट, वाळू, खडी) म्हणजे एम२० चा माल, आणि नियमाप्रमाणे असं ठोकळ प्रमाण एम२० पर्यंतच चालतं. एम२५, एम३० ला मिक्स डिझाइन करून घ्यायला लागतं, तुमचीच खडी, तुमचीच वाळू, तुमचंच सिमेंट लॅबला देऊन. त्याला २८ दिवसांचे क्यूब (ताकद तपासायला साच्यात भरलेले काँक्रीटचे ठोकळे) धरून महिना जातो, म्हणून ते टप्पा २ सोबतच सुरू करायचं. तयार काँक्रीटची गाडी पोचत असेल तर उत्तमच, पण आपल्या वाड्यांमधल्या पाखाड्यांतून, दगडी पायऱ्यांच्या अरुंद वाटांतून, गाडी येणार कशी, त्यामुळे मिक्सरच गृहीत धरतोय.

पाण्याचा हिशोब. ०.४५ म्हणजे ५० किलोच्या गोणीला सगळं मिळून २२.५ लिटर. "सगळं मिळून" वर जोर आहे, कारण वाळू ओली असते. गोणीमागे १०० किलो वाळू पडत असेल आणि तिच्यात ४ टक्के मोकळं पाणी असेल तर ४ लिटर आधीच आत आलंय, वरून घालायचं १८.५. बादलीवर खूण करा आणि पाणी घालायला एकच माणूस ठेवा. दुपारी अकराच्या सुमाराला कोणीतरी ओरडणारच, "माल घट्ट येतोय रे, मार अर्धी बादली!" तिथे तुम्ही उभे पाहिजे. घट्ट येतोय तर मिक्स डिझाइनमध्ये सांगितलेलं प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरायचं, पाणी नाही. अर्धी बादली म्हणजे सात-आठ लिटर, एका गोणीत गेली तर ०.४५ चं ०.६० होतं. जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे बारीक भोकं राहतात आणि खारं वारं त्यातूनच सळईपर्यंत पोचतं, मग ४५ मिमीचं कव्हर नावालाच.

मिक्सर प्रत्येक घाण्याला निदान २ मिनिटं फिरू द्या.

सुरुवात सकाळी सहाला. मेमध्ये दुपारी तीननंतर आभाळाचा भरवसा नाही. ताडपत्र्या आधीच आणून ठेवा. व्हायब्रेटर दोन हवेत आणि त्यातला एक लाइट नसताना चालणारा. नीडल उभी घालायची, बुडबुडे थांबले की सावकाश वर ओढायची, तिने माल ढकलत न्यायचा नाही.

मध्येच थांबायची वेळ आली, पाऊस म्हणा, मिक्सर बिघडला म्हणा, तर कुठे थांबवायचं ते इंजिनिअरला आधीच विचारून ठेवा आणि सेंट्रिंगवर खडूने खूण करा. वाटेल तिथे उतार करून सोडलेला जोड पहिल्याच पावसात गळतो.

क्यूब. हजार चौरस फुटांचा १५० मिमी स्लॅब बीम धरून १६-१८ घनमीटर होतो. १६ ते ३० घनमीटरला ३ नमुने, नमुन्याला ३ क्यूब, म्हणजे ९. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर ३ जास्त. क्यूब चालू घाण्यातून भरा, ठेकेदाराने "खास" कालवून दिलेल्या मालातून नको.

## टप्पा ६: पाणी मारणं

वरचं काँक्रीट हाताला चिकटेनासं झालं की ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक. उद्याची वाट बघू नका, समुद्राकडून दुपारचं वारं सुटतं त्यात दोन-तीन तासांत केसासारख्या भेगा पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आळी करून, म्हणजे स्लॅबवर छोटे बांध घालून, पाणी भरा.

साध्या ओपीसीला (काही न मिसळलेलं सिमेंट) कमीत कमी ७ दिवस, पीपीसी-स्लॅगला १० दिवस. आपल्याकडे १४ करा, दोन्हीला.

इथली ठरलेली चूक अशी की काँक्रीट टँकरच्या गोड पाण्यात कालवतात आणि मारायला मात्र तीच मचूळ विहीर. "वरून तर मारायचंय, त्याने काय होतंय?" पाणी वाळतं, मीठ राहतं, चौदा दिवस रोज. जे पाणी कालवायला चालत नाही ते मारायला पण चालत नाही.

स्लॅबवर आळी केली म्हणून बीमच्या बाजू भिजत नाहीत. बाजूच्या फळ्या निघाल्या की गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायला लागतं, आणि कॉलमला तर सगळ्यात आधी.

तपासा: पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला फोटो. आळं कोरडं दिसलं तर त्याच दिवशी बोला.

## टप्पा ७: टेकू काढणं

ओपीसी असेल तर ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी. बीमला ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. पीपीसी असेल तर हे दिवस वाढतात, किती ते इंजिनिअर सांगेल. सेंट्रिंगवाल्याला दुसऱ्या वाडीत माल न्यायचा असतो म्हणून तो घाई करतो, त्याचं भाडं आधीच जास्त दिवसांचं ठरवा म्हणजे वाद नको.

साध्या स्लॅबचे टेकू मधून कडेकडे काढत न्यायचे. गॅलरी, छज्जाचे मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे. उलट केलं तर नको तिथे भार येतो.

थांबा: खालून खडी उघडी दिसली तर गवंडी लगेच सिमेंट थापून झाकतो, चांगल्या मनानेच करतो, पण करू देऊ नका. फोटो, मग इंजिनिअर, मग सांगेल त्या मालाने दुरुस्ती. आणि ती प्लास्टरच्या आधी.

## टप्पा ८: मिरगाच्या आधी उरलेलं

स्लॅबवर पत्र्याची शेड घालणार असाल (घालणारच) तर तिचे खांब कुठे बसणार ते टप्पा १ मध्येच सांगायचं, म्हणजे बोल्ट काँक्रीट ओततानाच बसवता येतात. निसर्ग वादळात २०२० ला पत्रे उडालेले बघून आता लोक जाडजूड बोल्ट मारतात, पण ते ड्रिलने आख्खा स्लॅब भोसकून मारतात आणि त्या भोकातून पाणी थेट सळईवर.

आणि वर सोडलेल्या कॉलमच्या सळ्या. "पुढे माडी चढवू" म्हणून सोडतात, मुलगा नोकरीला लागेपर्यंत बारा वर्षं जातात, तोवर सळ्या मुळाशी करवतल्यासारख्या बारीक झालेल्या असतात आणि गंज कॉलमच्या डोक्यात उतरलेला असतो. दोन वर्षांत माडी होणार नसेल तर या सळ्यांना स्लरी मारून भोवती कमी सिमेंटच्या काँक्रीटचा ठोकळा ओता, वर उतार द्या. माडी चढवायच्या वेळी तो हातोडीने फुटतो. ही एकच जागा जिथे सळईला स्लरी फासायची, कारण इथे ती पकडीसाठी नाही, झाकायला आहे, आणि माडीच्या वेळी तारेच्या ब्रशने घासून पूर्ण काढायची.